कार्यातली करमणूक कोणाची?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



घरच्या व मंडळाच्या कार्यात करमणुकीचा कार्यक्रम कसा आखावा, या विषयावर मी चार शब्द बोलावे असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. विषय ऐकून कोणी म्हणेल, यात आखायचे ते काय? गाणारा सांगितला, पैसे दिले, झाले! पण भगिनींनो, शंभर पानांचा स्वयंपाक असला तर तूरडाळ किती, तेल किती, पोळ्या लाटायला बायका किती, हे आपण आठ दिवस आधी ठरवतो. आचाऱ्याला दहादा विचारतो. मांडव, भांडी, पाण्याचा टँकर, सगळ्यांची यादी होते. करमणुकीचे मात्र "मुलांनी काहीतरी सांगितलं आहे वाटतं" एवढ्यावर भागते. ते काहीतरी म्हणजे बहुधा डीजे. मग भिंती हादरतात, मुले नाचतात, आणि जिच्या नातवाचे लग्न ती आजी मागच्या खोलीत कानाला पदर लावून बसते. कार्य तिच्या घरचे, पण करमणूक तिची नाही.

म्हणून मला वाटते की, "कोणाला बोलवायचे?" हा प्रश्न मागाहूनचा. आधी विचारावे, "ऐकायला बसणार कोण?" याचे उत्तर नीट मिळाले की निम्मे काम झालेच.

आता डोहाळजेवण घ्या. दुपारची वेळ, घरातली बैठकीची खोली, तीस-चाळीस बायका. इथे बाहेरचा कलावंत कशाला हवा? डोहाळ्यांची गाणी येणाऱ्या दोन वडीलधाऱ्या बायका प्रत्येक गल्लीत आहेत. एक ढोलकी, एक पेटी असली की पुरे. पण घरच्याच बायका गाणार म्हणून आखणी नको असे समजू नका. त्यांना आठ दिवस आधी जाऊन मानाने सांगावे. आयत्या वेळी "म्हणा ना काकू एखादं" म्हटले की काकूंना पहिली ओळ आठवते, दुसरी आठवत नाही आणि मग त्या उगाच ओशाळतात. आदल्या दिवशी अर्धा तास पेटीवर बसून पट्टी ठरवून घ्यावी. पेटी वाजवणारे बहुधा भजनी मंडळातले दादा असतात, त्यांना काळी एकची सवय असते. बायकांचा गळा बहुधा काळी चारच्या आसपास खुलतो. पुरुषांच्या पट्टीत गायला लावले तर बाईचा आवाज खाली खोल विहिरीत जातो, आणि लोक म्हणतात, हिला गाता येत नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची गोष्ट निराळी. तिथे बाई येते, वाण घेते, तिळगूळ घेते आणि पुढच्या घरी जाते. रथसप्तमीपर्यंत एका संध्याकाळी पाच-पाच घरे करायची असतात. अशा येण्याजाण्याच्या कार्यात कोणी कीर्तन ठेवले तर कीर्तनकाराचाही अपमान आणि बायकांचीही अडचण. पूर्वरंग संपेपर्यंत निम्मा श्रोतृवर्ग उठून गेलेला असतो. तिथे उखाणे, लहानसा खेळ, एखादी पाच मिनिटांची नक्कल, असे तुकड्या-तुकड्यांचे ठेवावे. उलट साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन, वास्तुशांत अशा कार्यांत माणसे दोन-तीन तास बसायच्या तयारीने येतात. तिथे कीर्तन शोभते, अभंगांची बैठक शोभते, भारूडही रंगते.

आणखी एक माणूस हिशेबात धरावा, तो म्हणजे घरची सून. बैठकीत गाणे रंगलेले असते आणि ती चुलीशी पोळ्या लाटत असते. तिच्या कानावर येतो तो फक्त टाळ्यांचा आवाज. मी तर म्हणते, कार्यक्रम आधी आणि जेवण मागाहून ठेवावे. आणि त्या दिवशीचा बेत असा असावा की तो आधी करून झाकून ठेवता येईल. मसालेभात, मठ्ठा, एक गोड. कोणी नावे ठेवणार नाही. मोकळी जागा असेल तर रोडग्यांचा बेत करावा. रोडगे भाजायला आपल्याकडची पुरुष मंडळी हौसेने बसतात. बसू द्यावे. लहान मुलांना मात्र आधी खाऊ घालून घ्यावे, उपाशी मूल कोणाचेही गाणे चालू देत नाही.

आता बाहेरच्या कलावंतांविषयी. आपण वऱ्हाडातल्या बायका याबाबतीत भाग्यवान आहोत. गाडगे महाराजांनी याच मुलखात दिवसा गाव झाडले आणि रात्री कीर्तन केले. त्यांच्या कीर्तनाला ना व्यासपीठ लागे, ना सजावट. ते लोकांना प्रश्न विचारीत, लोक उत्तर देत, आणि ऐकणारा प्रत्येकजण त्या कीर्तनात सामील होई. तुकडोजी महाराजांच्या हातात एक खंजिरी असे, आणि तेवढ्यावर हजारो माणसे तासन् तास बसत. महाराज १९६८ साली गेले, तरी त्यांची खंजिरी भजने म्हणणारी मंडळे आजही आपल्याकडे खेडोपाडी आहेत. पोहरादेवी तर आपल्याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात. तांड्यावरच्या बंजारा भगिनींची तीजेची गाणी आणि होळीची लेंगी ज्यांनी जवळून ऐकली आहेत, त्यांना मी वेगळे सांगायला नको. फक्त एक ध्यानात ठेवावे. तीज श्रावणातली, तिच्यात कुमारिका टोपलीत गहू पेरतात, रोज पाणी घालतात आणि गाणी म्हणतात. तो त्यांचा सण आहे, आपला देखावा नव्हे. कोणते गाणे कधी व कुठे म्हणावे ते त्या भगिनींनाच विचारावे, आणि त्या नाही म्हणाल्या तर आग्रह धरू नये.

आणि माहूर काही लांब नाही. रेणुकामातेला मानणारी घरे आपल्यात पुष्कळ, म्हणून लग्नानंतर गोंधळ घालण्याची चालही पुष्कळ. गोंधळी दोन परंपरांचे सांगतात, माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई. संबळ, तुणतुणे, झांज आणि पेटलेली दिवटी एवढे त्यांचे सामान. आधी चौक मांडतात, कलश ठेवतात, मग एकेका ठिकाणच्या देवाला नाव घेऊन गोंधळाला बोलावतात, आणि नंतर आख्यान लावतात. आख्यानात विनोदही असतो, डोळ्यांत पाणी आणणारा भागही असतो. नीट ऐकले तर नाटक-सिनेमाच्या तोंडात मारील.

दोन वर्षांपूर्वी मी एका लग्नघरी गेले होते. घराचे नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. गोंधळाची वेळ रात्री आठची दिली होती. म्हातारे गोंधळीबुवा, त्यांचे दोन मुलगे आणि एक नातू असे चौघे सात वाजताच येऊन बसले. चौक मांडून तयार. पण अंगणात डीजे चालू. आठाचे नऊ झाले, नवाचे साडेअकरा झाले. चौघे भिंतीशी पाय पोटाशी घेऊन बसलेले. जेवण उभ्याचे होते, ज्याने त्याने ताट घेऊन खायचे. यांना कोणी "उठा, घ्या" म्हटले नाही, आणि न बोलावता उठणारी ती माणसे नव्हेत. बारा वाजायला आले तेव्हा यजमान येऊन म्हणाले, "उशीर झाला आहे, पाच मिनिटांत आरती करून टाका." त्यावर बुवा अगदी शांतपणे म्हणाले, "माय, देवीले नाव घेऊन बोलावाचं अन् पाच मिन्टात वापस जाय म्हनाचं, असं कसं चालीन?" ते बोलत होते माझ्याशी, कारण यजमान सांगून निघूनही गेले होते.

माझ्या जावेने आणि मी त्या घरच्या स्वयंपाकघरात शिरून पिठले टाकले, भाकऱ्या थापल्या, चौघांना जेवू घातले. मग दार लावून आतल्या खोलीत, संबळावर अगदी हलका हात ठेवून त्यांनी तासभर गोंधळ घातला. ऐकायला आम्ही पंधरा-वीस बायका आणि मागच्या खोलीतली ती आजी. दुसऱ्या दिवशी बिदागी देताना अर्धेच पैसे हातावर ठेवले. का, तर कार्यक्रम अर्धाच झाला! डीजेचे पैसे मात्र आधीच पुरते चुकते झालेले होते.

भगिनींनो, यात मला जे दिसले ते असे की, यंत्राला आपण आधी पैसे देतो आणि माणसाला मागून, तेही घासाघीस करून. ज्याचे पोट त्या कलेवर आहे त्याच्यासाठी लग्नसराईचे तीन-चार महिने हेच काय ते कमाईचे. एका रात्रीचे अर्धे पैसे बुडाले की त्याच्या घरी आठवड्याचा किराणा बुडतो. पुढे त्याचा मुलगा म्हणतो, मी संबळ शिकत नाही, मी डीजेवर कामाला जातो. मग आपणच गळा काढतो की जुने काही राहिले नाही.

म्हणून कलावंत ठरवताना मी सांगते तेवढे करा. बिदागीचा आकडा पहिल्याच भेटीत बोलून घ्यावा. त्यात लाज कसली? माणसे किती येणार, येण्याजाण्याचा खर्च त्यात धरला की वेगळा, आरतीच्या ताटात पडेल ते कोणाचे, हे सारे एका कागदावर लिहून दोघांनी एकेक प्रत ठेवावी. तिसरा हिस्सा तरी इसार म्हणून द्यावा. घरात काही वाईट घडले, पाऊस झाला आणि कार्यक्रम राहिला, तर इसार परत मागू नये, कारण त्या तारखेला त्याने दुसरे काम नाकारलेले असते. उरलेले पैसे कार्यक्रम संपताच, पाकिटात घालून, घरच्या कर्त्या माणसाने स्वतःच्या हाताने द्यावेत. "उद्या या" म्हणू नये. उद्या तो दुसऱ्या गावी असतो.

जेवणाचे विचारून घ्यावे. गाणारा माणूस गाण्याआधी पोटभर जेवत नाही, गार ताकही घेत नाही. त्याला कोमट पाणी आणि थोडे खाणे पुरते. पण नंतरचे त्याचे पान वाढून झाकून ठेवलेले असावे. बाई कलावंत असेल तर तिला कपडे बदलायला कडी लागणारी खोली आणि रात्री परतायची सोय, या दोन गोष्टी तिने मागण्याआधी आपण सांगाव्यात. नागपूरकडचा कलावंत बोलावणे पूर्वी अवघड वाटे. आता समृद्धी महामार्ग कारंजा-मालेगाववरून गेल्यापासून, म्हणजे २०२२ पासून, ते पुष्कळ सोपे झाले आहे. तरी माझे मत विचाराल तर आधी आपल्या तालुक्यात शोधावे. जवळचा माणूस वेळेवर येतो, आणि त्याची बोली आपल्या आजीला कळते.

आणखी एक लहानशी गोष्ट, जी करायला पैसा लागत नाही. कार्यक्रम झाल्यावर कलावंताला मंडळाच्या कागदावर, शिक्क्यासह, तारीख घालून एक पत्र द्यावे की अमुक दिवशी यांनी आमच्याकडे अमुक कला सादर केली. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे. २०२४ पासून ते मानधन दरमहा ५००० रुपये झाले. पण अर्ज करताना आपण इतकी वर्षे कला करीत आलो याचा पुरावा लागतो. जन्मभर दारोदार संबळ वाजवलेल्या माणसाजवळ कागद कुठून असणार? आपण बायका रांगोळी स्पर्धेची प्रशस्तिपत्रे वाटतो, तसे हे एक पत्र. आपल्या मंडळाने हा पायंडा पाडला आहे, आणि तो मला फार आवडला.

आता थोडे आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांविषयी बोलते. टीव्हीवर २००४ साली 'होम मिनिस्टर' सुरू झाले, जवळजवळ वीस वर्षे चालले, आणि त्याचे पाहून गावोगावी 'खेळ पैठणीचा' सुरू झाला. सूत्रसंचालक येतात, बायकांना खेळवतात, शेवटी एकीला पैठणी मिळते. मी त्याला नावे ठेवणार नाही. जी बाई वर्षभर घराबाहेर मोकळी हसलेली नाही ती त्या दिवशी लिंबू-चमचा घेऊन धावते, हे काही थोडे नाही. पण त्यातले दोन प्रकार मला पटत नाहीत. एक, सूत्रसंचालकांचे विनोद. सासू-सुनेवरचे, जाड बाईवरचे, काळ्या रंगावरचे. हसताना सगळ्या हसतात, पण जिच्यावर विनोद झाला ती घरी जाऊन रडते. म्हणून सुपारी देतानाच सांगावे, असले विनोद आम्हाला नकोत. आपण पैसे देतो, आपल्याला सांगण्याचा अधिकार आहे.

दुसरा प्रकार त्याहून जिव्हारी लागणारा. "सौभाग्यवतींनी पुढे या!" अशी हाक दिली जाते, आणि मागच्या रांगेतल्या काही जणी जागच्या जागी बसून राहतात. त्यांतली कोणी अडतीस वर्षांची असते, कोणी चाळिशीची. तिने वर्गणी आपल्याइतकीच दिलेली असते. सतरंज्या तिनेच घातलेल्या असतात. आणि करमणूक सुरू झाली की तिने टाळ्या तेवढ्या वाजवायच्या. पतीच्या नावाचा उखाणा घ्या असे म्हटले की ती तर खेळातून बाद झालीच. शिवाय लग्न न केलेली बाई बाद, नवऱ्याने टाकलेली बाई बाद. मग उरले कोण?

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला की विधवा प्रथा आमच्या गावात पाळल्या जाणार नाहीत. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे, सारे बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवण्यास सांगितले. ठराव गावाने केला, परिपत्रक सरकारने काढले. पण सतरंजीवर कोणाला पुढे बोलवायचे हे तर आपल्याच हातात आहे ना?

गेल्या संक्रांतीला आपल्या मंडळाने सूत्रसंचालकांना आधीच सांगितले की, "सौभाग्यवती" हा शब्द उच्चारायचा नाही, "भगिनींनो" म्हणायचे. आणि उखाण्यात आईचे, मुलाचे, गावाचे, ज्याचे हवे त्याचे नाव चालेल. वाणही सगळ्यांना सारखेच. मागच्या रांगेतली एक भगिनी उठली आणि तिने आपल्या आईच्या नावाचा उखाणा घेतला. तिचा आवाज कापत होता, पण शेवटपर्यंत म्हणाली. सगळ्यांना ते रुचले असे मी म्हणणार नाही. दोघी त्याच वेळी उठून गेल्या. त्यांतली एक आज इथे आली आहे, तिला पाहून मला आनंद झाला. दुसरी अजून आलेली नाही. तिच्याकडे आपण पुन्हा जाऊ.

आवाजाविषयी थोडक्यात सांगते, कारण हा विषय निघाला की घरातले पुरुष म्हणतात, बायकांना कायद्यातले काय कळते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि नुसती वाद्येसुद्धा वाजवता येत नाहीत. बंद सभागृहात आतल्यापुरते चालते. सण-उत्सवासाठी सरकार काही दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकते, पण वर्षातून पंधरा दिवसांहून अधिक नाही, आणि ते दिवस सरकार ठरवते, आपण नव्हे. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवती शंभर मीटर शांतता हवी. ध्वनिक्षेपक लावायचा तर लेखी परवानगी आधी काढून ठेवावी. हे झाले कायद्याचे. पण शेजारी दहावीचे मूल अभ्यासाला बसले आहे की नाही, कोणाच्या घरी बाळंतीण आहे की नाही, हे पाहायला कायदा कशाला हवा? कार्याच्या दोन दिवस आधी शेजारच्या दोन-चार घरी जाऊन, अमुक वेळेपर्यंत आवाज होईल, असे सांगून यावे. आणि त्यांना बोलवावेही. ज्याला आमंत्रण आहे त्याला आवाजाचा त्रास जरा कमीच होतो!

माईकवाल्याला पाहुणे येण्याच्या तासभर आधी बोलवावे. कर्ण्याचे तोंड गाणाऱ्याच्या माईककडे असले की शिट्टी वाजते; कर्णे माईकच्या पुढे आणि श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. तारा वाटेतून नेऊ नयेत, कोणीतरी म्हातारी अडखळते. आणि वीज केव्हा जाईल याचा आपल्याकडे नेम नाही. म्हणून कार्यक्रमात एक तरी गोष्ट अशी ठेवावी की जी विजेवाचून चालेल. खंजिरी चालते, संबळ चालतो, फुगडी चालते. एप्रिल-मेमध्ये तर दुपारी चारपूर्वी काही ठेवूच नये. आपल्या उन्हात पत्र्याच्या मांडवाखाली बसून तानसेन जरी गायला तरी ऐकणारा पंखाच शोधील.

जादूगार बोलावला तर त्याच्या पाठीमागे कोणाला बसवू नये. मुले हटकून तिथेच जातात. नाटुकले बसवायचे तर लेखकाची परवानगी काढावी आणि त्याचे मानधन द्यावे, तोही कलावंतच. मुलांचे नाच आठांहून अधिक नकोत. प्रत्येक आईला आपलाच नाच थोडा वाटतो, त्याला इलाज नाही.

आणि सत्कार! वर्धापनदिनाचा कार्यक्रम म्हटला की शाल-श्रीफळाच्या नऊ-दहा जोड्या टेबलावर रांगेने मांडलेल्या असतात. एकेकाचा परिचय, एकेकाचे उत्तर, असा सव्वा तास जातो, आणि गायला आलेल्या बाई तंबोरा लावून आत बसून राहतात. तंबोरा पुन्हा उतरतो. माझी चालकांना विनंती आहे की सत्कार तीनच करावेत आणि भाषण एकच ठेवावे. आज ते एक भाषण माझ्या वाट्याला आले आहे, म्हणून मीही आता आवरते घेते.

येत्या भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई बसेल आणि कोजागिरीपर्यंत तिची गाणी म्हणायची आहेत. मातीची भुलाबाई, भुलोजी आपण बाजारातून आणू. पण गाणी बाजारात मिळत नाहीत. मोबाईलवर सापडतात ती सगळीकडची एकसारखी असतात. आपल्या गल्लीतल्या सासूबाईंच्या तोंडी जी आहेत ती त्यांच्या माहेरगावची आहेत. कोणाचे माहेर रिसोडकडचे, कोणाचे मंगरूळपीरचे, कोणाचे थेट हिंगोलीकडचे, आणि एकीचे गाणे दुसरीला ठाऊक नाही. मंडळाने यंदा असे ठरवले आहे की रोज एका घरी गाणी व्हावीत, त्या घरच्या वडील बाईने पहिले गाणे सांगावे आणि बाकीच्यांनी मागून म्हणावे. खिरापत डब्यात घालून, वाजवून ओळखायला लावायचीच; ती फार खर्चाची नको, फुटाणे-मुरमुरेसुद्धा चालतील. मुलींना ओळखता येऊ नये एवढेच पाहा. ज्यांच्या घरी जागा लहान आहे त्यांनी संकोच करू नये, अंगणात बसू, शेजारच्या ओसरीवर बसू. ज्या भगिनींनी आजवर आपल्या घरी भुलाबाई बसवली नाही, कारण त्यांना कोणी सांगितले की तुम्ही बसवू नये, त्यांच्या घरी दोन दिवस आधीच धरून ठेवले आहेत.

यासाठी एक वही केली आहे. पहिल्या निम्म्या पानांत गाणी लिहायची, आणि ज्या बाईने सांगितले तिचे नाव व माहेरगाव खाली घालायचे. मागच्या निम्म्या पानांत आपल्या भागातल्या कलावंतांचे फोन, त्यांची बिदागी, त्यांना किती जागा लागते, आणि ते वेळेवर येतात की नाही, हे लिहायचे. गोंधळीबुवांचे नाव मी पहिल्या ओळीत लिहिले आहे. वही चिटणीसबाईंकडे आहे, तिला पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली आहे. आज चहाच्या वेळी ती सगळ्यांकडे फिरेल.